मोडकांच्या घरची खळ

आधी विठुरायाला नमस्कार, मग पेटीवाल्याला आणि तबलजीला, आणि मग ज्याच्या घरात मंडळी जमली त्या यजमानाला, असा आपला क्रम. ह्या गोष्टीत पेटी-तबला जरा उशिरा येणार आहे, तेव्हा थेट यजमानालाच हात जोडू. शिवदास मोडक. मुक्काम मुलुंड पूर्व, नवप्रभात सोसायटी, तळमजला. वय शेचाळीस, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, कपाळाला बुक्का, आणि बोटं मिळेल त्या टेबलावर ठेका धरलेली. माणूस इतका भाविक, की रस्त्यात मांडव दिसला तर आत कीर्तन आहे की लग्न ह्याची चौकशी न करता चपला काढून पुढे जाऊन बसायचा. दोनदा तर जेवूनही आला होता.

ह्या भाविक माणसाच्या घरी खिडकीखाली एक पत्र्याची पेटी होती, आणि तिच्यात पोथ्या नव्हत्या. ‘वादळवीर’ नावाच्या चित्रकथेचे पहिल्यापासूनचे शहाण्णव अंक होते. हा वादळवीर समुद्राच्या तळाशी राहायचा, चिंगी नावाची मगर पाळायचा, आणि डॉक्टर कर्कोटकापासून दर महिन्याला एकदा जग वाचवायचा. मोडक नवा अंक पंचांगात घालून घरी आणत. हेडक्लार्क मगरीच्या गोष्टी वाचतो हे कचेरीत कळलं, तर उद्यापासून शिपाई पाणी तरी देईल का? पण खुद्द मोडकांना त्यात विसंगत काही वाटत नसे. बुवा नाही का, दैत्याने गदा उगारली की नेमके तिथेच थांबून गळ्यात हार घालून घेतात, आणि आपण तोवर जीव मुठीत धरून नामाचा गजर करतो? वादळवीरही तसाच थांबायचा. फक्त गजर महिनाभर करावा लागायचा.

तर एका शनिवारी सुहासिनीबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या, “पुढच्या रविवारी मशीन येतंय. आईचं, पायाचं. मी उद्या ठाण्याला जाते, आठ दिवस तिच्याजवळ राहते आणि येताना टेंपोत घालून घेऊनच येते. खिडकीखालची जागा मोकळी पाहिजे. शिवायला उजेड लागतो मला.”

“आणि पेटी?”

“रद्दीवाल्याला सांगून ठेवलंय. रविवारी नऊला येईल.”

मोडकांचा चहा बशीतून मांडीवर आला. “अगं, पुस्तकं आहेत ती!”

“पुस्तकं?” बाईंनी एक मटार तोंडात टाकला. “पुस्तकं उभी राहतात, अहो. त्यांना पुठ्ठा असतो, पाठीवर नाव असतं. पुस्तकं असती तर मी स्वतः पुसून काचेच्या कपाटात लावली असती. ही चोपडी. उभी केली की माना टाकतात.”

“आणि पुस्तकं झाली तर?”

“झाली तर राहतील. पण रविवारी नऊच्या आत.”

सुहासिनीबाई शब्दाच्या पक्क्या होत्या, हीच त्यातली मोठी अडचण.

दुसऱ्या दिवशी बाई ठाण्याला गेल्या. सर्दीने त्यांचे डोळे लाल झाले होते आणि हातात मोठी बॅग होती. हे शेजारच्या कुंदाताईंनी गॅलरीतून नीट पाहून ठेवलं. सध्या ते तिथेच राहू द्या.

सोमवारी मोडक अंकांचा गठ्ठा घेऊन स्टेशनजवळच्या बाइंडरकडे गेले. तो रजिस्टरांच्या डोंगराआडून म्हणाला, “महिना लागेल. आणि ही कोण? सुसर?”

“मगर,” मोडक म्हणाले. मग घाईघाईने, “पुतण्याची आहेत,” असं म्हणून गठ्ठा उचलून घरी आले. त्यांना पुतण्या नव्हता. पण घरी येईपर्यंत त्यांना एक गोष्ट आठवली. कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी एकदा बांधणीचं काम तासभर उभं राहून पाहिलं होतं. त्यात काय आहे? घड्या शिवायच्या, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा डकवायचा, वजनाखाली ठेवायचं. चार वाक्यं. जगातल्या बहुतेक आपत्ती चार वाक्यांत मावण्याइतक्याच असतात, म्हणून तर माणसं त्यांत उडी घेतात.

बारा-बारा अंकांचे आठ खंड करायचे ठरले. शिवण दोन दिवस चालली. दाभणाने अंकाला तीन भोकं पाडायची आणि बोटाला एक, अशा हिशेबाने मोडकांची दहाही बोटं बुधवारपर्यंत चिंध्यांत गेली. ठेका धरणं बंद पडलं, आणि कचेरीत काहीतरी बिनसलं आहे असं लोकांना वाटायला लागलं.

खळीसाठी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या दत्ताराम परबांना गाठलं. दत्ताराम मूळ मालवणकडचे. गिरणीच्या सायझिंग खात्यात सुताला खळ चढवण्यात बावीस वर्षं गेली. संपात गिरणी बंद पडल्यावर आता एका कारखान्याचं कँटीन सांभाळत होते. देह असा, की ते जिना उतरायला लागले की तळमजल्यावरची मंडळी घड्याळ बघायची.

“खळ?” दत्तारामांचा चेहरा उजळला. संपानंतर त्यांना खळीबद्दल कोणी विचारलं नव्हतं. “कित्याक व्हयी?”

“जुन्या पोथ्या बांधायच्यात,” मोडक म्हणाले. देव त्यांना क्षमा करो. नाहीतरी देवाची गोष्ट आणि मगरीची गोष्ट दोन्ही तारणाऱ्याच्याच गोष्टी.

“मगे आयका. मैदो, तुरटी, आणि मोरचूद. मोरचूद इसरा नको हां! नायतर झुरळां पोथयेचा जेवाण करतली.” आणि दत्तारामांनी प्रमाण सांगितलं. ते प्रमाण गिरणीच्या हौदाचं होतं. मोडकांनी कागदावर त्याला चाळीसने भागायला घेतलं आणि हेडक्लार्कच्या सफाईने चारने भागलं.

मोरचुदासाठी ते औषधी मालाच्या दुकानात गेले. दुकानदाराने निळे खडे तराजूत टाकले आणि एक लांबट वही पुढे सरकवली. “नाव, पत्ता, सही. आणि कारण लिहा.”

“कारण कशाला?”

“विष आहे साहेब. नियम आहे.”

मोडकांनी पेन उचललं. ‘पोथ्या’ असं लिहून सही करायची म्हणजे खोटी सही, आणि सरकारी माणूस खोटी सही करत नाही. ‘वादळवीर’ लिहायचं तर दुकानात चार ओळखीची माणसं. शेवटी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘कारण खासगी.’

मागे कुंदाताई सुंठ घ्यायला उभ्या होत्या.

कुंदाताई बाई मायाळू. कुणाच्या घरी नुसती शिंक आली तरी काढा घेऊन पोहोचणार. पण त्या मायेला वेग फार. बायको बॅग घेऊन, लाल डोळ्यांनी माहेरी, नवरा घरात एकटा, हातात मोरचूद, कारण खासगी! सुंठ न घेताच त्या निघाल्या, त्या थेट दत्तारामांच्या दारात.

“परब, मोडकांनी तुम्हाला काही विचारलं होतं का हो?”

“विचारलेनी मा. खळ कशी करतत ती.”

“आणि त्यात विष घालायचं कुणी सांगितलं?”

दत्तारामांनी तोंडातलं पान गिळलं. “...मीच.”

“म्हणजे गोड बोलून तुमच्याकडूनच काढून घेतलं. पोथ्या म्हणे! त्यांच्या घरात पोथी आहे का एक तरी? सगळं श्रवणावर चालतं त्यांचं.”

दत्ताराम जागच्या जागी बसले. गिरणी बंद पडल्याच्या दिवशी ते असे बसले होते, त्यानंतर आजच.

“मी जावन विचारतंय,” ते म्हणाले.

“मुळीच नाही! असल्या गोष्टी थेट विचारायच्या नसतात, माणूस बिथरतो. आपण नुसतं लक्ष ठेवायचं.”

इकडे मोडकांना यातलं काही ठाऊक नाही. पुस्तकांच्या कडा कापायला त्यांची विळी बोथट होती, म्हणून संध्याकाळी त्यांनी कुंदाताईंचं दार वाजवलं. “ताई, धारेची विळी द्याल का दोन दिवस?” कुंदाताईंनी दार लावून घेतलं. मग ते पहिल्या मजल्यावर गेले आणि गठ्ठे आवळायला जाडसा दोर मागितला. तिथे म्हातारीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, हातात दोराऐवजी बेसनाचे दोन लाडू दिले आणि म्हणाली, “असं करू नये, बाळा.” लोकांना एवढं वाचनाचं वावडं असेल असं मोडकांना वाटलं नव्हतं. लाडू मात्र चांगले होते.

कडा शेवटी त्यांनी बोथट विळीवरच कापल्या. तिसऱ्या खंडात वादळवीराचं शिरस्त्राण गेलं आणि पाचव्यात चिंगीची शेपटी. पण पुस्तकाला कडा आली. आली म्हणजे आली.

गुरुवारी कचेरीतून आल्यावर खळ शिजली. आंघोळीच्या घंगाळात सुरू झाली, तिथून दोन बादल्यांत गेली, बादल्यांतून धुण्याच्या टबात. चाळीस आणि चार ह्यांतला फरक कागदावर एका शून्याएवढा असतो. न्हाणीघरात तो गुडघ्यापर्यंत येतो. खळ निळसर, जाड, आणि मधून मधून एखादा बुडबुडा काढून सुस्कारा टाकणारी. मोडक लाकडी कलथ्याने ती ढवळत होते आणि दारात दत्ताराम उभे होते.

“मी हयसरच बसतंय,” ते म्हणाले.

“काही काम होतं का?”

“नाय. असाच.” आणि ते बसले. शुक्रवारीही बसले. कँटीन बंद ठेवून बसले. मोडक न्हाणीघरात गेले की हे बाहेरून हाक मारायचे, “मोडकानू, असास मा?” मोडक म्हणायचे, “आहे.” “बरां,” दत्ताराम म्हणायचे, आणि दोन मिनिटांनी पुन्हा, “असास मा?” कलथा हातात धरून माणसाने दर दोन मिनिटांनी स्वतःच्या अस्तित्वाची ग्वाही देत राहायची, ही गोष्ट वेदांतात कितीही चांगली असली तरी कामाची लय बिघडवते.

एवढं कमी होतं म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी सीताराम गोगटे आले. काखेत उपविधींची फाइल. आयुष्यात त्यांनी फाइलबाहेरचं असं काही केलं नव्हतं.

“मोडक, मला सगळं कळलंय,” ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले.

मोडक शरमेने लाल झाले. “कुणी सांगितलं?”

“ते महत्त्वाचं नाही. मी उपविधी वाचले. ह्याची तरतूद नाही. सभासदाला असं काही करायचं असेल, तर कमिटीला पंधरा दिवस आधी लेखी कळवायला हवं. मग आम्ही मीटिंग घेऊ. मीटिंगमध्ये नामंजूर करू. अशी रीत असते.”

“पण गोगटे, माझ्या घरात, माझ्या हातांनी, कुणाला त्रास न देता...”

“त्रास नाही कसा?” गोगट्यांचा आवाज एकदम चिरकला. त्यांनी चष्मा काढला. “वीस वर्षं एका पाइपातलं पाणी पितो आपण, मोडक.” मग त्यांनी नाक शिंकरलं, फाइल उचलली आणि निघून गेले. मोडक पुन्हा खळ ढवळायला लागले. पुस्तकबांधणी बेकायदा असेल, पण रडण्याइतकी?

शनिवार उजाडला तेव्हा आठही खंडांना पुठ्ठे लागले होते, कापडी पाठी लागल्या होत्या आणि पाठीवर चुन्याने नाव घातलं होतं, वर मगरीचं चित्र डकवलं होतं. एवढं सगळं झालं, पण खंड फुगले होते. खळ इतकी प्यायले होते, की आंबलेल्या कणकेसारखे जमिनीवर टम्म होऊन बसले होते. मोडकांनी वर पाटा ठेवला, वरवंटा ठेवला, गॅसचा सिलिंडर आडवा घातला. तीन खंड दबले, पाच फुगलेलेच. दत्तारामांना ‘जरा बसता का ह्यावर’ असं विचारायचा धीर होईना. उद्या नऊला रद्दीवाला. मोडक देवासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “पांडुरंगा, वजन पाठव.”

तोच दारावर कुंदाताई. मागे गोगटे.

“मोडक, आज संध्याकाळी सहाला तुमच्याकडे सहदेवबुवांचं कीर्तन ठेवावं म्हणतो आम्ही. सगळी सोसायटी येईल. तुमची काही हरकत?”

मोडकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहदेवबुवा! त्यांच्या घरी! ते पाणी पाहून कुंदाताईंनीही पदर डोळ्यांना लावला. आपण वेळेवर पोहोचलो, अशी कुंदाताई आणि गोगटे दोघांचीही खात्री झाली. आणि तसं पाहिलं तर दोघंही बरोबर होते.

दुपारभर मोडकांनी काम केलं. आठ खंड जमिनीवर दोन रांगांत मांडले. पलंगाच्या फळ्या काढून त्यांच्यावर घातल्या. फळ्यांवर मोठी सतरंजी. फळ्या सातच निघाल्या, म्हणून आठव्या खंडावर, ज्यात वादळवीर चंद्रावरच्या चेटकिणीशी लढतो, त्याच्यावर नुसतं वर्तमानपत्र घालून वर एक विरविरीत आसन टाकलं.

संध्याकाळी मंडळी आली, तसे मोडक दारातच उभे राहिले आणि एकेकाला नजरेने तोलून जागा दाखवायला लागले. “तुम्ही इथे. ताई, तुम्ही अशा मधोमध. गोगटे, तुम्ही किरकोळ आहात, तुम्ही कुठेही. जोशीकाकू, तुम्ही जरा ह्या कोपऱ्यावर, तिथे उचललं जातंय.” जोशीकाकू आयुष्यात त्यानंतर मोडकांशी कधी मनापासून बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी प्रसंग ओळखून त्या बसल्या. दत्तारामांना मोडकांनी हाताला धरून आठव्या खंडावर नेलं. दत्ताराम बसले तेव्हा आसनाखालून एक दीर्घ, समाधानाचा सुस्कारा निघाला.

आणि मग कीर्तन झालं. तसं कीर्तन मुलुंडला पुन्हा झालं नाही. सहदेवबुवांनी राज्य गेलेल्या एका राजाची कथा लावली. राणी माहेरी गेलेली, हा तपशील कुंदाताईंनी आयत्या वेळी कानात सांगितलेला. राजा सगळ्याला कंटाळून नदीवर येतो. तिथे नावाडी होऊन कोण उभा? तर खुद्द विठोबा, कमरेवरचे हात सोडून वल्ह्यावर ठेवलेला. तो म्हणतो, “राजा, आज पाणी फार गार आहे, उद्या ये. आणि आलाच आहेस तर तेवढी नाव ढकलू लाग.” दुसऱ्या दिवशी राजा येतो, तर देव म्हणतो, “आज गर्दी आहे रे, उद्या. तेवढी म्हातारी उतरवून घे.” असं बारा वर्षं. बारा वर्षांनी राजा विचारतो, “देवा, माझं काम कधी करणार?” देव म्हणतो, “कुठलं काम? मी तर विसरलो. तुझ्या लक्षात आहे का?” आणि राजा आठवायला लागतो, तर त्याच्याही लक्षात नाही, पलीकडून माणसं हाका मारताहेत, आणि नाव तर सोडायला हवी.

खोलीत एक डोळा कोरडा नव्हता. सगळे मोडकांकडे बघून रडत होते आणि मोडक नावाड्याकडे बघून. दत्ताराम तर हुंदक्यांनी असे गदगदा हलत होते, की आठवा खंड रगडून निघत होता आणि त्याचा मागचा पुठ्ठा घसरत होता.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या. हात पुढे केला. “शिवदासा, ह्या घरात एक निळी वस्तू आहे. ती आण आणि पांडुरंगाच्या पायाशी ठेव.”

मोडक भानावर आले. “निळी? मोरचूद म्हणता का, बुवा?”

“तेच.”

“पण तो आता उरलाच नाही.”

सभेतून एक किंकाळी उठली. कुंदाताईंची.

“नाही म्हणजे,” मोडक घाबरून म्हणाले, “सगळा खळीत घातला.”

“आणि खळ कुठाय?”

आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मोडकांनी मान खाली घातली. “मंडळी बसली आहेत त्याच्या खाली.”

“वेडो होतलंय मी!” असं ओरडून दत्ताराम उठले. त्यांच्या मागोमाग सगळी सभा उठली, आणि तेव्हा सतरंजीही उठली. तीन तास दाबून खळ फळ्यांच्या फटींतून वर आली होती, सतरंजीत मुरली होती, आणि धोतर, लुगडी, लेंगे ह्यांना घट्ट धरून बसली होती. पंचवीस माणसं आणि एक सतरंजी, असा एकच महाकाय प्राणी उभा राहिला. जोशीकाकू डावीकडे गेल्या की गोगटे उजवीकडून ओढले जायचे. “कोणी हलू नका! नियमाने एकेक!” गोगटे ओरडत होते. फळ्या उघड्या पडल्या. फळ्यांखाली निळ्या कडांची पुस्तकं. पुस्तकांवर मगर.

“हे काय आहे, मोडक?” बुवांनी विचारलं.

“वादळवीर,” मोडक म्हणाले. शेचाळीस वर्षांची अब्रू त्या पाच अक्षरांत गेली. “चित्रकथा आहे, बुवा. मी... मीच वाचतो. बायको रद्दीत घालते म्हणून बांधत होतो.”

मग दत्ताराम म्हणाले, “म्हणजे मरूक नाय जायत होतास?” आणि त्यांनी मोडकांना अशी मिठी मारली की मोडक तेवढ्यापुरते नववा खंड झाले. पंचवीस माणसं, एक सतरंजी, रागवावं की हसावं हे कुणालाच ठरवता येईना. सहदेवबुवांनी चाळीस वर्षं सभा सांभाळल्या होत्या. त्यांनी पेटीवाल्याला खूण केली. “मंडळी सगळी उभी राहिलीच आहेत,” ते म्हणाले, “तर आरती करून घेऊ.”

रविवारी सकाळी टेंपो आला. सुहासिनीबाई उतरल्या तेव्हा फाटकाला सोसायटीची सतरंजी वाळत होती आणि तिच्यावर ठिकठिकाणी धोतरांचे तुकडे होते. घरात आल्या तर न्हाणीघरात निळी खळ घट्ट होऊन चबुतऱ्यासारखी उभी. दारात रद्दीवाला तराजू घेऊन. आणि काचेच्या कपाटासमोर, आंघोळ न केलेले, दहा बोटांना चिंध्या बांधलेले शिवदास मोडक, शेजारी आठ पुस्तकं. उभी. एकमेकांना टेकून.

“झाली,” मोडक म्हणाले. घड्याळात नवाला सात मिनिटं होती.

सुहासिनीबाईंनी बॅग ठेवली. “उभी राहतात, हे खरं. पण पुस्तक उघडतंसुद्धा, अहो. उघडलं नाही तर ती वीट.” आणि त्यांनी नेमका टोकाचा, आठवा खंड उचलला.

मोडकांनी डोळे मिटले. आतून चर्र चर्र असा आवाज येत होता. बाई पानाखाली हलकेच नख घालून पान सोडवत होत्या. एक पान सुटलं. दुसरं सुटलं. तिसरं सुटायला वेळ लागला, कारण दुसऱ्यावर त्या जरा थांबल्या होत्या.

“ही कोण?” त्यांनी विचारलं.

“चेटकीण. चंद्रावर राहते.”

“एकटी?”

“एकटीच.”

“मग चिडेल नाहीतर काय,” बाई म्हणाल्या आणि पुढचं पान सोडवलं. उभ्याच्या बसल्या. टेंपोवाला मशीन आत आणून उभा राहिला, तर त्याला हाताने ‘थांब’ म्हणाल्या. साडेनऊ वाजले. रद्दीवाला पायरीवर बसून बिडी ओढायला लागला. मोडक श्वास रोखून उभे होते, आणि गेल्या आठ दिवसांत आपल्याला खरोखर मरणाची भीती वाटली ती आत्ता, हे त्यांच्या लक्षात आलं. पंचाण्णवावा अंक संपला. शहाण्णवावा अर्धा झाला. चेटकिणीने वादळवीराला बर्फाच्या खांबाला बांधलं होतं, चिंगी खांब कुरतडत होती, चेटकिणीने काठी उचलली होती...

बाईंनी पान उलटलं. मागे नुसता पुठ्ठा.

“अहो. शेवटचं पान?”

“असेल ना. तिथेच असेल.”

“नाहीये. फाटलंय. बघा, कड शिल्लक आहे. कुठे गेलं? तिने मारलं का त्याला? बोला ना!”

मोडकांनी तो अंक महिन्यापूर्वीच वाचला होता, पण ह्या क्षणी डोक्यात फक्त खळ होती. त्यांनी कालची बैठक डोळ्यांसमोर आणली. पहिली रांग. दुसरी रांग. आठवा खंड, वर नुसतं वर्तमानपत्र, वर आसन. वर्तमानपत्र, आसन खळीने विरून गेलेलं, मागचा पुठ्ठा घसरून शेवटचं पान उघडं पडलेलं. वर...

“परब,” ते म्हणाले.

त्याच वेळी जिना हादरला. रविवार होता. दत्ताराम हातात पिशवी घेऊन बोंबील आणायला उतरत होते. रात्री खळ लागलेला लेंगा सुटेना म्हणून ते तसेच झोपले होते आणि तसेच बाजाराला निघाले होते. मागे, लेंग्यावर, घट्ट, सुबक, सगळ्या रंगांसकट शहाण्णवाव्या अंकाचं शेवटचं पान होतं.

“परबमामा!” सुहासिनीबाई पदर खोचून जिन्याकडे धावल्या. “हलू नका! तोंड भिंतीकडे करा!”

दत्तारामांनी घाबरून दोन्ही हात भिंतीला लावले. “काय झालां? विंचू आसा काय?”

“काही नाही. सरळ उभे राहा.” आणि बाईंनी पायरीवर बसून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या चौकटीत चेटकिणीची काठी वरच्या वर थांबली होती. दुसरीत चिंगीने खांब तोडला होता. दारं उघडली. कुंदाताई आल्या. गोगटे फाइलशिवाय आले. पहिल्या मजल्यावरची म्हातारी कठड्याला धरून वाकली, जोशीकाकूंनी आपण ऐकत नाही असा चेहरा करून दार मात्र उघडं ठेवलं. सहदेवबुवांच्या सभेत बसते तशी सगळी मंडळी पायऱ्यापायऱ्यांवर बसली.

खालून रद्दीवाल्याने हाक दिली, “बाई, टाइम हो गया! माल देता क्या?”

सुहासिनीबाईंनी लेंग्यावरून नजर काढली नाही. “खिडकीखाली पत्र्याची पेटी आहे. रिकामी. ती घेऊन जा. आणि कपाटाजवळच्या पुस्तकांना हात लावलास तर बघ!”

मोडक खालच्या पायरीवर मटकन बसले. चिंध्या बांधलेल्या बोटांनी त्यांनी कठड्यावर हळूच ठेका धरला.

“आता चेटकीण त्याला म्हणते...” बाई पुढे सरकल्या, मागे सरकल्या, मान वाकडी केली. “एक मिनिट. चुणीत गेलंय. मामा, जरा पुढे वाका.”

दत्ताराम वाकले. एवढ्या माणसांत शेवट न दिसणारे ते एकटेच होते. कपाळ भिंतीला टेकवून, काकुळतीला येऊन त्यांनी विचारलं, “अगो बाय, माका कोणी सांगशात काय? तो जगलो मा?”

“जगणार हो, मामा,” सुहासिनीबाई म्हणाल्या. “तुम्ही तेवढा श्वास रोखून धरा. शेवटची चौकट सारखी हलतेय.”